घरजावयाचं लग्न लावणारे सर

माणूस विचित्र होता. हे आधीच सांगून टाकतो. मी चौथीपर्यंत शिकलेला. सजवून लिहिणं मला येत नाही, आणि माणूस गेला म्हणून त्याला देवमाणूस ठरवणंही जमत नाही. सर देवमाणूस नव्हते. हट्टी होते, तिरसट होते, शेंगा खाल्ल्या की टरफलं दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून उठायचे. आता ते नाहीत. आमची हीसुद्धा नाही. दोघांची आठवण मला एकत्रच येते, वेगळी करता येत नाही, म्हणून दोघांचंही लिहावं लागणार.

मी कुडपणचा. पोलादपूरच्या अलीकडे हायवेला लागून एका खडीच्या कंपनीचा वजनकाटा होता, तिथं मी कामाला होतो. आधी राखणदार म्हणून लागलो. मग काट्यावरचा माणूस सोडून गेला आणि साहेब म्हणाले, बस तूच. बसलो. लोखंडी फळीवर ट्रक चढायचा, वजन संगणकावर उमटायचं, मी बटण दाबायचो, चिठ्ठी बाहेर यायची. एवढंच काम. पण त्या कामाबरोबर काट्यामागची पत्र्याची खोली मिळाली होती आणि मला नोकरीपेक्षा खोली महत्त्वाची होती.

हिला दमा होता. ही तुडीलची, सावित्रीच्या काठची पोर. लग्न होऊन आली ती वर आमच्या पठारावर, धुक्यात. पावसाळ्यात चार महिने कपडे सुकत नाहीत तिथं हिची छाती काय सुकणार. एकदा डोलीत घालून खाली आणली होती, ओठ निळे पडलेले. महाडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हिला पुन्हा वर नेऊ नका, दवाखान्यापासून अर्ध्या तासावर ठेवा. मुलगा मुंबईला होता, पण त्याच्या खोलीत आधीच पाच जणं आळीपाळीनं झोपत होती. म्हणजे उरली ती काट्यामागची खोली. दारात हायवे, हात केला की महाडची गाडी. काटा आहे तोवर खोली आणि खोली आहे तोवर हिचा श्वास, असा सरळ हिशोब होता. आणि काटा चालू होता तो सरांमुळे.

पहिल्यांदा आले ते मला अजून दिसतं. काट्याचा संगणक बंद पडला म्हणून कंपनीनं महाडहून माणूस धाडला. मला वाटलं कोणी तरणा पोरगा येईल. आला पन्नाशीचा माणूस, एम-एटीवर, लख्ख उन्हात छत्री पाठीला बांधून. महाडला तळ्याच्या अंगाला त्यांचा टायपिंगचा क्लास होता म्हणे. क्लास बसला, मशिनं भंगारात गेली आणि सर संगणकाकडे वळले. पण हात टायपिंगचेच राहिले. बटणं अशी बडवायचे की टेबल हलायचं. आणि ओळ संपली की डावा हात उचलून हवेत उजवीकडे ढकलायचे. जुन्या मशिनीला तिथं दांडा असायचा ना, तो. पहिल्याच दिवशी त्या हातानं माझा चहाचा ग्लास उडवला.

"सॉरी," म्हणाले. "ओळ संपली होती."

मी म्हटलं, "सर, मशीन बंद हाय. काय बिघडलंय ते बघा."

"बिघडलेलं मी बघत नाही. काल काय चांगलं चाललं होतं, ते सांगा."

"काल सगळं चांगलं होतं."

"सगळं म्हणजे काय काय? एकेक सांगा."

मग अर्धा तास मी त्या माणसाला कालचा दिवस सांगत होतो. किती वाजता पंखा लावला, कुठली गाडी आधी आली, वायरला पाय कोणाचा लागला. तोवर सहा ट्रक रांगेत. पुढच्या ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, "काय काटेवाले, पंचनामा चाललाय काय?"

ही खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिनं सांगितलं, "अहो, काल दुपारी पिवळी पट्टी आली होती ना वरती, ती तुम्ही फुलीवर दाबून घालवलीत. ते सांगा की सरांना."

सर वळले. तिच्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही इथं बसायला पाहिजे होतं."

माझी बायको कामाची आहे हे त्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात कळलं. मला वीस वर्षं लागली होती.

बिघाड काय होता तो मी माझ्या अकलेप्रमाणे सांगतो. वजनाचा प्रोग्राम इंटरनेटच्या खिडकीत उघडायचा. त्या खिडकीला ब्राउझर म्हणतात. पण ब्राउझरला काट्याची भाषा कळत नाही. म्हणून त्यात एक छोटा तुकडा बाहेरून आणून बसवलेला असायचा, प्लग-इन. काट्याकडून वजन घ्यायचं आणि खिडकीतल्या चौकोनात दाखवायचं, एवढं त्या तुकड्याचं काम. सर त्याला घरजावई म्हणायचे.

"घर दुसऱ्याचं," मला समजावायचे, "हा बाहेरून येऊन राहिलेला. याच्या जिवावर घर चालतंय, पण घराला याचा भरवसा नाही. घरानं जरा कुठं रंग काढला, नवं दार बसवलं, की आधी यालाच विचारणार, तू कोण? ती पिवळी पट्टी म्हणजे तोच प्रश्न. उत्तर नाही दिलं की हा रुसतो. चौकोन पांढरा पडतो, कोपऱ्यात लाल फुली."

"मंग काय करायचं?"

"लग्न मोडायचं आणि परत लावायचं."

खरंच तसं करायचे. एक काळी खिडकी उघडायची, त्यात टकाटक काहीतरी बडवायचे, हवेत हात ढकलायचे, की एक छोटी पाटी यायची. "सोडचिठ्ठी झाली," म्हणायचे. परत बडवायचे, परत पाटी. "लागलं लग्न." आणि चौकोनात वजन यायचं. ही आतून विचारायची, "लागलं का हो सर?" "लागलं वहिनी." "मंग च्या ठेवते." माझ्या समोर त्या घरजावयाचं लग्न सतरा वेळा तरी मोडलं आणि लागलं असेल. सतराही वेळा चहा झाला. ग्लास मात्र ही त्यांच्या उजव्या बाजूला लांब ठेवायची.

दरवेळी महाडहून यायला वेळ जायचा. म्हणून त्यांनी फोनवरची पद्धत बसवली. मला इंग्रजी येत नाही. पडद्यावर पाटी आली की मी चिठ्ठीच्या पाठीमागे तिचं चित्र काढायचो आणि फोनवर चित्र सांगायचो.

"सर, चौकोन पांढरा हाय."

"आत?"

"वर डाव्या कोपऱ्यात बारकी लाल फुली."

"पिवळी पट्टी आली होती?"

"मी च्या प्यायला गेलो होतो."

"म्हणजे पाहुणा दारात येऊन गेला आणि घरात कोणी नाही. पाटीवर काय लिहिलंय?"

"पहिलं अक्षर अर्धी भाकरी. मंग एक मडकं हाय, त्याला बाजूला काठी. मंग कमान."

"बास. कळलं. पट्टी परत आली की तिच्यावर उजवं बटण, दुसरी ओळ. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?"

"मी स्वतःला सांगतोय."

एक दिवस मात्र लग्न लागेना. सोडचिठ्ठी झाली, लग्नाची पाटी आली, तरी चौकोन पांढराच. मागं ट्रकांची रांग पार वळणापर्यंत गेलेली. ड्रायव्हर लोकांनी सावलीत पत्ते मांडले. मुंबईच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला, तो मी घेतला. "परत अर्धा दिवस काटा बंद पडला तर गाड्या महाडच्या काट्यावर वळवीन. मग तिथं काटाही नको आणि माणूसही नको." मी ते सरांना सांगितलं. खोलीबद्दल काही बोललो नाही. पण आतून हिचा खोकला येत होता, तो त्यांना ऐकू येतच होता.

सरांनी तो तुकडा बनवणाऱ्या मुंबईच्या कंपनीला फोन लावायला सांगितला. लावला. तिथं साड्यांचं दुकान लागलं. कंपनी कधीच उठून गेलेली. बाई चांगली होती, तिनं मला रंग विचारला.

सर उभेच होते. शेवटी म्हणाले, "काटेवाले, काल काय चांगलं चाललं होतं?"

माझं डोकं फिरलं. "सर, काल सगळं चांगलं होतं. सगळं. वजन येत होतं, चिठ्ठी येत होती, काल काय दुखणं नव्हतं."

"मग कालच राहू."

आणि खाली कोपऱ्यात जाऊन त्यांनी संगणकाची तारीख एक दिवस मागे घेतली. चौकोनात वजन आलं. त्या तुकड्याचा परवाना मार्चअखेरपर्यंतचा होता आणि परवाना वाढवून देणारं कोणी उरलं नव्हतं. मार्च संपला की घरजावई बेकायदा. म्हणून सरांनी ठरवलं, मार्च संपूच द्यायचा नाही. तारीख थेट एक जानेवारीवर नेली. तीन महिने चालवायचं, मार्च संपत आला की ते येणार आणि परत जानेवारी करणार.

तेव्हापासून आमच्या काट्यावर वर्ष तीन महिन्यांचं झालं. बाहेर मुसळधार पाऊस, सावित्री दुथडी, आणि आमच्या चिठ्ठीवर फेब्रुवारी. गणपती मार्चात आले. एक ड्रायव्हर चिठ्ठी बघून म्हणाला, "काटेवाले, तुमच्याकडं दिवाळी येतच नाय काय?" मी म्हटलं, "येते, पण उन्हाळ्याच्या आधी परत जाते."

मला वाटलं आता झालं काम. पण सरांना ती खोटी तारीख झोपू देईना. दुसऱ्या दिवशी रबरी शिक्का घेऊन आले, तारखेची चाकं असलेला. "यंत्राला खोटं सांगितलं, ते चालतं," म्हणाले. "यंत्राला त्यातलं काही कळत नाही. माणसाच्या हातात खोटी तारीख द्यायची नाही. प्रत्येक चिठ्ठीवर खरा शिक्का." त्या माणसाला खोटं बोलताच येत नसे. क्लासच्या जागी त्यांनी संगणकाचं दुकान टाकलं होतं, तिथं कोणी विचारलं की हा कीबोर्ड किती टिकेल, तर सांगायचे, तुम्ही आधी जाल की तो, सांगता येत नाही. असं बोलून गिऱ्हाईक टिकतं काय?

शिक्क्याची चाकं रोज सकाळी फिरवायची होती. दोन दिवस मी विसरलो. तिसऱ्या दिवशी हिनं शिक्का माझ्या हातातून घेतला. "तुम्हाला स्वतःच्या पोराचं लग्न कधी झालं ते सांगता येत नाय," म्हणाली, "तुम्ही कसली तारीख फिरवताय." मग रोज आंघोळ, देवपूजा, दूध तापवणं आणि शिक्का फिरवून काट्याच्या टेबलावर ठेवणं, हे तिचं ठरलं. कंपनीच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर माझ्या बायकोनं सांगितलेली तारीख जायला लागली. मुंबईच्या ऑफिसाला याचा पत्ता नव्हता.

दोन वर्षं नीट चाललं. मग एकदा मुंबईहून फोन आला. आठवडाभराच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर तारीख एक दिवसानं मागे. सर धावत आले. मशीन बघितलं, ठीक. शिक्का बघितला, ठीक. मग खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. चपला बाहेर काढल्या.

"वहिनी, तारीख तुम्ही कशावरून घेता?"

ती खाटेवर बसली होती, छातीला शेक देत. म्हणाली, "कॅलेंडरावरनं."

"आज कोणता दिवस हे कॅलेंडरवर कसं कळतं?"

"दुधाच्या खुणेवरनं. रोज दूध घेतलं की चौकोनात खूण करते. शेवटच्या खुणेच्या पुढं आज."

"गेल्या आठवड्यात एखाद्या दिवशी दूध घेतलं नाहीत?"

तिनं जरा आठवलं. "सोमवारी मला लय त्रास झाला. उठलेच नाय. दूधवाला हाका मारून गेला."

सरांनी मान हलवली. माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "सापडलं. सर्व्हर आजारी होता."

मी हसलो. ते हसले नाहीत. खिशातून एक वही काढली, लांबट, पुठ्ठ्याची, आणि उभ्याउभ्याच लिहायला लागले. मी डोकावलो. प्रत्येक मशीनसाठी त्यात एक पान होतं आणि काय कशावर अवलंबून आहे ते ओळीनं लिहिलेलं होतं. आमच्या पानावर सर भर घालत होते. चिठ्ठी शिक्क्यावर. शिक्का वहिनींवर. वहिनी दुधाच्या खुणेवर. खूण दूधवाल्यावर. मग पेन थांबलं.

"दूधवाल्याकडं म्हशी किती?"

"एकच," ही म्हणाली.

त्यांनी लिहिलं : म्हैस, एक.

हे वाचून मला वाटलं, माणूस कामातून गेला. पण त्याच वहीनं पुढं काय केलं ते सांगतो.

दिवाळीनंतर मुंबईहून तपासनीस आला. कंपनी सगळीकडे नवे संगणक बसवत होती, नवा ब्राउझर, नवा प्रोग्राम. पोलादपूरचा काटा ठेवायचा की महाडला हलवायचा ते हा ठरवणार होता. तिशीचा पोरगा, शर्ट खोचलेला, गळ्यात ओळखपत्र. मी सकाळीच सरांना बोलावून घेतलं होतं. रस्त्यात त्यांना गाठून सांगितलं, "सर, आज जरा कमी खरं बोला. काटा गेला तर मला हिला घेऊन वर जायला लागंल. वर ती पावसाळा काढायची नाय."

"माहीत आहे," म्हणाले. "मी खोलीचं लिहून ठेवलंय."

काय लिहून ठेवलंय ते मला कळलं नाही.

तपासनीस संगणकासमोर बसला आणि बसल्याबसल्या त्याची नजर खालच्या कोपऱ्यात गेली. "तारीख चुकीची आहे तुमची."

मी घसा खाकरला. सर म्हणाले, "हो. मुद्दाम चुकीची आहे. घरजावयाचा परवाना संपलाय."

"कोणाचा?"

सरांनी सगळं सांगितलं. घर, घरजावई, सोडचिठ्ठी, साड्यांचं दुकान, जानेवारी. एक अक्षर लपवलं नाही. मी डोक्याला हात लावून बाहेर फळीवर बसलो, पण कान आतच होते.

"म्हणजे तुम्ही संपलेल्या परवान्यावर काटा चालवताय," तपासनीस म्हणाला. "आणि खरी तारीख कुठून येते?"

"वहिनींकडून."

"ही कुठली सिस्टीम?"

"मागच्या खोलीत आहेत. दम लागतो, जरा सावकाश विचारा."

सरांनी वही त्याच्या पुढे धरली. तो बोट ठेवून खाली खाली वाचत गेला. मधेच थांबला. "हे म्हैस काय आहे?"

"शेवटचं टोक," सर म्हणाले. "त्याच्या पुढं मला जाता आलं नाही. त्याच्या पुढं गवत लागतं."

पोरगा उठला आणि खरोखरच मागच्या खोलीत गेला. त्याला काय बघायचं होतं त्यालाच ठाऊक. ही लसूण सोलत बसली होती. उठायला लागली तर तो म्हणाला, बसा बसा. मग शाळेतल्या मास्तरानं विचारावं तसं विचारलं, "आजी, आज तारीख काय?"

हिनं तारीख सांगितली, वार सांगितला. मग म्हणाली, "अष्टमी हाय आज. संध्याकाळी सहा-साडेसहाला भरती, पण पाणी जास्त चढायचं नाय. आमच्या तुडीलला जरा उशिरानं. तुम्ही कुठले, मुंबईचे? मंग तुमच्याकडं आधी." आणि त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. "नको कसं, तोंड सुकलंय तुमचं. जेवलायत का सकाळपासनं?" तो नाही म्हणाला. मग तिथंच बसून त्यानं तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं, सरांची वही मांडीवर ठेवून.

खाऊन झाल्यावर त्यानं सरांना विचारलं, "यांना बॅकअप काय?"

"बॅकअप नाही. तेच सांगतोय मी मघापासून."

"काका आहेत की," म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं.

"ते चालत नाहीत," सर म्हणाले. "करून बघितलंय."

मग त्यांनी वहीचं पान उलटून दाखवलं. मागच्या बाजूला तीच साखळी उलटी लिहिली होती. वहिनींचा श्वास खोलीवर. खोली काट्यावर. काटा वजनावर. वजन घरजावयावर. "इकडून बघितलं तर मशीन वहिनींवर चालतंय," सर म्हणाले, "आणि तिकडून बघितलं तर वहिनी मशीनवर. मी तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करतोय. अशी जोडणी सोडवायला गेलं की दोन्ही टोकं बंद पडतात. मी हात लावणार नाही. तुम्हाला लावायचा असेल तर लावा, पण या पानावर सही करून लावा."

पोरगा ते पान उलटसुलट करून बघत होता. बाहेर ट्रक हॉर्न मारत होता. मी उठून वजन घेतलं, चिठ्ठी काढली, शिक्का मारला. परत आलो तर तो आपल्या फॉर्मवर लिहीत होता. मी विचारलं, काय लिहिलंत साहेब. म्हणाला, "जोडणी गुंतागुंतीची आहे, सध्या बदल करू नये." आणि जाताना हिच्या पाया पडला. का पडला ते मला आजपर्यंत समजलेलं नाही. बोंबलामुळे असेल.

त्या ओळीवर आम्ही पाच वर्षं काढली. पाच पावसाळे. डॉक्टरांनी मला दोन सांगितले होते. दर तीन महिन्यांनी सर यायचे, मार्चचा जानेवारी करायचे, ही चहा ठेवायची. दोघांचं काय बोलणं असायचं? काही नाही. तो माणूस हवापाण्याचंसुद्धा बोलायचा नाही. पण आला की हिला त्या दिवसाची तारीख विचारायचा आणि वहीत टिकमार्क करायचा. ती नंतर मला म्हणायची, "एवढं रोज माझ्यावर विसंबून कोणी राहिलं नाय हो." मी म्हणायचो, मी काय मग. ती म्हणायची, "तुम्ही विसंबता, पण विचारत नाय."

ती गेली ती सकाळी, अकराच्या सुमाराला. मी गाडीचं वजन घेत होतो. खोली काट्यापासून बारा पावलांवर. चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात दिली, आत आलो, तर झालं होतं. मुलगा आला, पोलादपूरला नदीवर नेली, सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी मी काट्यावर बसलो. लोक म्हणाले, सुतकात कामाला बसला. बसलो. खोलीत बसवत नव्हतं.

चार दिवस गाड्या गेल्या. पाचव्या दिवशी मुंबईहून फोन, चारही दिवसांच्या चिठ्ठ्यांवर तारीख एकच कशी? लेखी कारण द्या. मी शिक्का बघितला. तिनं शेवटी फिरवलेला तसाच होता. मी मुद्दाम ठेवला नव्हता. चाक फिरवणं माझं काम नव्हतंच कधी.

सर आले. त्यांना महाडला कळलं होतं, पण आले ते कामाला आले तसेच, पिशवी घेऊन. "वाईट झालं" वगैरे काही म्हणाले नाहीत. मलाही ते ऐकायचं नव्हतं. टेबलावर बसले आणि ऑफिसला द्यायचं कारण लिहायला घेतलं. पेननं लिहीत होते, सावकाश. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. "यंत्रात दोष नाही. तारीख वहिनी देत होत्या. त्या वारल्या."

"बरोबर हाय," मी म्हटलं.

"हे पाठवलं की ते फाईल उघडणार. सध्या बदल करू नये असं का लिहिलं होतं ते बघणार. ते कारण आता उरलं नाही. महिन्याभरात काटा जाईल."

"होय."

"तुम्ही वर जाणार?"

मी खोलीकडे बघितलं. खोलीत तिची खाट होती, खिळ्याला पिशवी होती, भिंतीवर कॅलेंडर होतं. वर कुडपणला माझं घर आहे, जमीन आहे, भाऊबंद आहेत. पण तिथं ती शेवटची दिसली ती डोलीत बसलेली, निळ्या ओठांची. खाली या खोलीत ती आठ-नऊ वर्षं हिंडली-फिरली होती. हे मला तेव्हा सांगता आलं नाही. आजही नीट सांगता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "एवढ्यात नको, सर."

त्यांनी कागदाची घडी घातली, पाकिटात घातली, पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि पिशवीत ठेवलं. मग मशीनपाशी जाऊन जानेवारी केला. मला शिक्का कसा फिरवायचा ते दाखवलं आणि गेले.

तीन महिन्यांनी परत आले. मी चहा ठेवला. विचारलं, "ते पत्र पाठवलंत का, सर?"

"पोस्टात गर्दी होती," म्हणाले.

त्याच्या पुढच्या खेपेलाही विचारलं. तेच उत्तर. ऑफिसातून दोनदा फोन आला तेव्हा मीही तेच सांगितलं, मग तेही विसरले. शेवटी डोंगरातली खाणच बंद झाली तेव्हा काटा गेला आणि मी वर आलो. पण त्याच्या आधीची दोन वर्षं मी त्या खोलीत राहिलो, कारण महाडच्या पोस्टात दोन वर्षं गर्दी होती.